अठ्ठाविसाव्या दिवसाची सही

“ही सही तुमचीच ना?” तालुक्याहून आलेल्या डॉक्टरांनी कागद सृष्टीसमोर धरला.

सृष्टीने मान हलवली. तिचं महिन्याचं बाळ झोपेतच गेलं, त्याला आज नऊ दिवस झाले होते. ना ताप, ना खोकला. असं बाळ गेलं की चौकशी होते, तशी ती ओसरीवर चालली होती. सासू धोंडाबाई सुनेकडे पाठ करून बसली होती. चौकशी आटोपली की हिला कामशेतला माहेरी धाडणार, असं तिने सगळ्या वाडीला सांगून ठेवलं होतं.

वाडीची आशा सेविका सविता खांबाला टेकून उभी होती. तीन वाड्या चालून पाय भरून आले होते, पण आज या घरात बसायची तिची हिंमत नव्हती.

तो कागद तिचाच होता. ठरलेल्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जायचं, बाळ बघायचं, आईची सही घ्यायची. एकविसाव्या दिवशी आली तेव्हाच तिने पुढच्या भेटीचीही सही घेऊन ठेवली होती. नडीअडचणीला असावी म्हणून. दुसऱ्याच दिवशी आरोग्य केंद्राच्या बैठकीत नवी सूचना आली: बाळाला उताणंच झोपवा, पालथं नको, उशी नको, घरोघर सांगा. अठ्ठाविसाव्या दिवशी सांगू, म्हणून ती निवांत राहिली. नेमका त्या दिवशी कुष्ठरोगाचा सर्वे अंगावर पडला. सही तर होतीच. तिने रकान्यात ‘भेट झाली’ लिहिलं आणि गरम पाण्यात पाय सोडून बसली. कागदाचं पोट भरलं होतं.

“बाळ कसं झोपलं होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“पालथं. तसं निजवलं की शांत झोपायचं.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “नक्की कशानं गेलं, ते कुणालाच सांगता यायचं नाही. पण पालथं झोपवलं की धोका वाढतो. ताईंनी अठ्ठाविसाव्या दिवशी सांगितलं नव्हतं का?”

सृष्टीने सविताकडे पाहिलं. सृष्टीला वेणा सुरू झाल्या तेव्हा गाडी चिखलात रुतली होती. तिचा भार अंगावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत सविताच चालली होती. सृष्टी ते विसरली नव्हती. सविताला ते त्या नजरेतच कळलं.

“सांगितलं व्हतं,” सृष्टी म्हणाली. “ताई आलत्या. मीच ऐकलं न्हाई.”

धोंडाबाई गर्रकन वळली. “सांगितलं व्हतं? आन तरी तू पालथं घातलंस? आगं, वैरीण बरी तुज्यापरीस!”

सविताला सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच. मग तिला स्वतःचीच शिसारी आली. जिचं सगळं गेलं होतं, ती उरलंसुरलं घरही आपल्यापायी घालवायला निघाली होती.

“डॉक्टर, ती खोटं बोलतेय,” सविता म्हणाली. “ही सही मी आठवडाभर आधीच घेतली होती. अठ्ठाविसाव्या दिवशी मी आलेच नाही. तसंच लिहा.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. धोंडाबाई बसल्या जागीच सरकत सरकत सृष्टीजवळ गेली.

“म्हंजी,” ती म्हणाली, “माज्या पोरीला कुणी सांगितलंच न्हवतं?”