घरात घालायच्या सपाता

पोझनानहून अवजड ट्रकचा परवाना खिशात घालून मी घरी आलो तेव्हा आई बटाटे सोलत होती. "पास झालास?" तिने वर न पाहताच विचारलं. "झालो! ट्रेलर मागे घेताना या वेळी एकही खांब पाडला नाही. सोमवारी निघायचंय, पहिली खेप पोर्तुगालची." मी कौतुकाने पिशवीतल्या नव्या सपाता काढून दाखवल्या. आमच्याकडे ड्रायव्हर बूट पायरीवरच उतरवतो आणि केबिनमध्ये सपाता घालून वावरतो. तेच त्याचं घर. गेल्या हिवाळ्यात बाबा फ्रान्समधल्या एका ट्रकतळावर झोपेतच गेले, तेव्हा कंपनीने त्यांच्या केबिनमधल्या सपाता घरी पाठवल्या होत्या. टाचा पार झिजलेल्या, अंगठ्याशी भोक. "तोंड पाडू नकोस ना, आई. मी काही बाबांसारखं करणार नाही. दर शनिवारी तुझ्या हातचे बटाटे भरलेले पिएरोगी खायला हजर." "तुझा बापही हेच म्हणायचा, लेशेक. आणि मी वेडी दर शनिवारी दोघांचं लाटत बसायची." सुरी ठेवून तिने हात पुसले, दारामागच्या कपाटातून सपातांचा एक जोड काढला आणि माझ्या पायांपुढे ठेवला. बाबांना परवाना मिळाला त्या दिवशी तिने तो त्यांना घरात घालायला म्हणून आणला होता. आतली लोकर अजून पांढरीशुभ्र होती, तळ कुठेच घासला नव्हता. "घरात या घालत जा," आई म्हणाली. "तुलाही जन्मभर पुरतील."