नवापूरचे पट्टे

तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं. तिथल्या एका अमेरिकन साहेबाची गंजलेली गोल्फची दांडी नवापूरच्या, होड्या रंगवणाऱ्या देवूनं रंगवायला घरी आणली, ओटीवर बसून घासली, काळ्या रंगाचे दोन हात दिले. मग दांडीच्या मानेवर त्यानं आपल्या होडीचे लाल-पिवळे पट्टेही ओढले. त्याची बायको बायडी भडकली, “साहेबानं निस्ता काळा सांगितला व्हता!” “माज्या हातची वस्तू बिनपट्ट्याची जायाची नाय,” देवू म्हणाला. साहेबानं दांडी फिरवून पाहिली आणि नेली. “आता खरवडून टाकंल नि परत काम देणार नाय,” बायडी पुटपुटली. रविवारी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती बायांबरोबर गोल्फच्या मैदानाजवळून चालली होती. लांबवर साहेबलोक खेळत होते; एकाच्या उगारलेल्या दांडीवर लाल-पिवळं चमकलं. समुद्रातली आपली होडी पट्ट्यांवरून नेहमी सगळ्यांआधी ओळखणारी बायडी थबकली. पाटी सावरत तिनं बोट दाखवलं, “बघा गं, ती आमची!”