पुढचे बारा सेकंद

साहेबांनी खुर्ची अशी मागे ढकलली, की ती भिंतीवर जाऊन आदळली. "तीन लाख! अगं पोरी, आपल्या खात्याचा व्हिडिओ तीन लाख लोकांनी पाहिला!"

कृषी खात्याच्या प्रसिद्धी कक्षात हे म्हणजे आक्रीतच. आजवर त्यांच्या पोस्टना कार्यालयातलेच लोक लाइक करायचे, तेही साहेबांच्या नजरेस पडावं म्हणून.

कॉलेजातून इंटर्नशिपला आलेली ती लाजून हसली. शेतकरी मोबाइलवर काय पाहतात आणि कुठे कंटाळून पुढे जातात, हा तिच्या अभ्यासाचा विषय. आलेख समोर धरून तिनेच छातीठोकपणे सांगितलं होतं, "विसाव्या सेकंदाला लोक निघून जातात, सर. पुढचं उडवून टाकू." मावा किडीवर कोणतं औषध किती पाण्यात मिसळून फवारायचं, ते व्हिडिओत तज्ज्ञ बाई सांगत होत्या. विसाव्या सेकंदाला तिने कात्री लावली. बाईंचा चेहरा शेवटी हसरा दिसेल, एवढं मात्र आवर्जून पाहिलं.

"शिका जरा!" साहेबांनी साऱ्या कक्षाला सुनावलं. "आपण वर्षानुवर्षं बोंबलत बसलो आणि या पोरीने मैदान मारलं!"

तेवढ्यात मामाचा फोन आला. बागांच्या कडेला मामाच्या मधमाश्यांच्या पेट्या. त्याचा फोन म्हणजे मागे अखंड गुणगुण, आणि तिचं ठरलेलं वाक्य, "मामा, जरा लांब जाऊन बोल ना!" आज ते म्हणावंच लागलं नाही.

"आज कसा स्वच्छ येतोय रे आवाज! पेट्यांपासून लांब आहेस वाटतं?"

"नाही गं. पेट्यांपाशीच उभा आहे."

त्याने व्हिडिओ कॉल लावून कॅमेरा फिरवला. पेट्यांसमोर तपकिरी माती पसरलेली दिसली. मामाने काडीने ती जराशी सारली. माती कसली, माश्या होत्या. काही अजून उताण्या पडून पाय हलवत होत्या.

"अरे देवा! मामा, हे काय झालं?"

"तुझा व्हिडिओ सगळ्या बागवाल्यांना मीच पाठवला. भाचीने केलाय म्हणून मिरवत होतो ना! आज सकाळी सगळ्यांनी फवारलं. भर फुलोऱ्यात."

"आणि तू फवारू दिलंस?"

"तीनदा बघितला गं मी. म्हटलं, माश्यांना बाधणारं असतं, तर बाईंनी सांगितलं नसतं का?"

तिने मूळ व्हिडिओ उघडला आणि विसाव्या सेकंदावरून पुढे सोडला. बाई बोट उगारून सांगत होत्या, "पण एक ध्यानात ठेवा. फुलोरा असेल तर हे औषध अजिबात नको. मधमाश्या मरतील." हे बोलणं ती पहिल्यांदाच ऐकत होती. कापायच्या आधी तिने फक्त आलेख पाहिला होता.

"सर, काढा तो व्हिडिओ!" ती किंचाळली.

"काढू? वेड लागलंय का तुला? अजून वाढतोय तो!"

तिने साहेबांच्या हाताखालून कीबोर्ड ओढला आणि स्वतःच व्हिडिओ काढून टाकला. कक्षात सगळे तिच्याकडे बघत राहिले. तिने फोन पुन्हा कानाला लावला.

"मामा, बाईंनी सांगितलं होतं रे. मी कापलं."



"किती होतं गं ते, कापलेलं?" मामाने विचारलं.

"बारा सेकंद."

"एवढंच?" मामा म्हणाला. "एवढं तर मी बघितलं असतं गं."