मरळीची राखण

फोन नुकताच बंद झाला होता. धरणाचे फुगलेले पाणी काठाला लागून निश्चल पडले होते आणि नत्थुजींच्या हातातली बांबूची काठी त्या निश्चलतेचाच एक अवयव झाली होती. त्यांच्यापासून तीन हातांवर त्यांची मुलगी रागिणी बसली होती. डाव्या मनगटाला प्लास्टर. उजव्या मुठीत फोन.

जावयाचा आवाज दोघांनीही ऐकला होता. काल दुपारी जीवन मोर्शीला आला आणि अंगणवाडीतून गीतांजलीला घेऊन गेला, बिस्किटाचा पुडा देतो म्हणून. चार वर्षांची पोर. बापाचे बोट धरून हसत गेली. आज फोनवर तो मोजकेच बोलला. "पोरगी पायजे ना तुले? संध्याकाळच्या आत तिवशाले ये. कपडे घेऊनच ये. अन् एकटी ये. बुढ्याले आनशीन, तं पोरगी दिसनार नाई."

पाण्यात, गळाशेजारी बांधलेली, भोके पाडलेली प्लास्टिकची बाटली आडवी तरंगत होती. तिच्यात मरळ माशाची वीस-पंचवीस पिल्ले होती. तांबडी, काडेपेटीतल्या काडीएवढी. नत्थुजींनी सकाळी ती याच पाण्यातून जाळीने उचलली होती. श्रावणात मरळ धरायची ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. तेव्हा बाटलीऐवजी मच्छरदाणीचा तुकडा असे, एवढाच फरक. पिल्ले पुनःपुन्हा वर येत, बाटलीतल्या बोटभर हवेला तोंडे लावत आणि परत खाली जात. खाली जायलाही तिथे फारसे काही नव्हते.

चाऱ्याचा भारा घेऊन गावातला उत्तमराव बांधावरून चालला होता. "काय नत्थुजी, लागून राह्यली का? मरळ लय शिकली बाप्पा आता. मोबाइल दाखवून पाहा तिले!" आपल्याच विनोदावर तो हसला. ते हसणे पाण्यावरून बराच वेळ चालत गेले.

"चारची गाडी आहे, बाबा," रागिणी म्हणाली.

नत्थुजींनी दोरी किंचित सैल केली. तिच्याकडे पाहिले नाही. दिवाळीत ती फाटलेला ओठ घेऊन आली होती, तेव्हा त्यांनीच तिला पिशवीभर संत्री देऊन तिवशाच्या गाडीत बसवले होते. पुढे महिन्याभराने तिचा फोन आला: "न्याले या." ते म्हणाले होते, सबूर ठेव माय, मानसं बदलतात. माणूस बदलला नाही. या आषाढात ती आपली आपणच आली. एका हाताने पोरीला कडेवर घेऊन, दुसरा हात ओढणीत बांधून.

पाण्याखाली काहीतरी जड वळले. बाटलीने संथ गिरकी घेतली.

"आली," नत्थुजी कुजबुजले.

"भुकेली असन."

"भूक नाई. पिल्लं सोडवाले येते."

"तिले गळ दिसत नाई?"

"दिसते. तोंडासमोरच तं असते."

"अन् तरी येते?"

"तरी येते."

रागिणीने बाटलीवरची नजर हलवली नाही. जणू आपल्याच जाण्याची वेळ ती त्या तांबड्या थरथरीत वाचत होती. "मायच ते," ती म्हणाली. "येनारच."

"माय नाई." नत्थुजींच्या ओठांवर धंद्यातली जुनी माहिती आपोआप आली, तिला धार आहे हे त्यांच्या ध्यानी आले नाही. "सारे लोक माय म्हनतात. माय अंडे टाकते. राखनीले बाप असते. पन्नास वर्सं पोटं चिरून पाह्यली म्या. गळाले लागते तो बहुतेक बापच."

पाणी पुन्हा स्थिर झाले. रागिणीने मान वळवली. घरी आल्यापासून पहिल्यांदाच तिने त्यांच्याकडे सरळ पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

"मंग म्या न्याले या म्हनलं, तवा तुमी काहून नाई आले?"

त्याच क्षणी काठी वाकली. दोरी ताणली जाऊन कण्हली, पाणी फुटले, एक काळी पाठ वर येऊन उलटली. पन्नास वर्षांत नत्थुजींच्या हातांना अशा क्षणी काय करायचे हे कधी सांगावे लागले नव्हते. आज त्या हातांनी काठी सोडून दिली. ती घसरत पाण्यात गेली आणि बाटलीला ओढत मधल्या खोल भागाकडे निघाली. त्यांनी तिकडे पाहिले नाही. गुडघ्यावर हात टेकून ते उठले, धोतराचा ओला सोगा पिळला आणि बांध चढू लागले.

"बाबा, कुठं?" रागिणी उभी राहिली. "एकटीले बलावलं त्यानं. बाबा!"

घराची वाट उजवीकडे होती. नत्थुजी डावीकडे वळले आणि तिवशाची गाडी थांबते त्या फाट्याकडे, मागे न पाहता, चालत राहिले.