संध्याकाळी पाचचे व्होल्ट

वारा हा सगळ्यांचा असतो, असे मोठमोठ्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांच्या घराची वाटणी झाली नसावी. या घरात गच्ची धाकट्याच्या वाट्याला आली होती आणि गच्चीबरोबर वाराही. तळमजल्यावरच्या थोरल्याने खिडकीतून येईल तेवढा घ्यायचा.

दोघा भावांत नऊ वर्षे बोलणे नव्हते. जिन्यातला दिवा कोणी मालवायचा यावरून सुरू झालेले भांडण वडिलांच्या आजारपणात कोणी किती केले इथवर पोचले, आणि तिथून मागे फिरायची वाट कुणालाच सापडली नाही. जावांचे मात्र उत्तम चालले होते. हे कुठल्याच शास्त्राला धरून नव्हते.

धाकटा घड्याळे दुरुस्त करायचा. लोकांनी मनगटावर घड्याळ बांधणे सोडल्यापासून त्याच्याकडे वेळच वेळ होता. त्याने भंगारातून एक मोटर आणली, प्लास्टिकचा पाइप उभा चिरून तीन पाती तासली आणि गच्चीच्या कठड्याला लोखंडी नळी बांधून त्यावर पवनचक्की चढवली. पाती फिरली की मोटर वीज खाण्याऐवजी देणार. किती देणार, हे मोजायला व्होल्टमीटर हवा होता. तो होता थोरल्याकडे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे काढल्यावर निरोपाच्या दिवशी त्याला तो लाकडी पेटीसकट मिळाला होता.

धाकट्याने बायकोला सांगितले, बायकोने जावेला, जावेने नवऱ्याला. उत्तर त्याच रस्त्याने उलटे आले. मीटर घराबाहेर जाणार नाही. वायर खाली सोडा म्हणावं, आकडा सांगण्यात येईल.

धाकट्याने वायर खाली सोडली. थोड्या वेळाने खालून आकडा आला. आवाज नऊ वर्षांत जरा घोगरा झाला होता.

त्यानंतर रोज पाच वाजता धाकटा पाण्याच्या पाइपावर दोनदा ठोकायचा आणि खालून आकडा यायचा. त्याने वही घातली. तारीख, वाऱ्याचा अंदाज, व्होल्ट, शेरा. पहिला महिना शेऱ्याचा रकाना कोरा गेला. मग एक दिवस खालून "दोन पॉइंट चार" आले आणि त्यामागून, वारा आज बोचरा आहे, असेही आले. धाकट्याने ते शेऱ्यात जसेच्या तसे उतरवले. आठवड्याने थोरल्याने व्होल्ट सांगून, वर खोकतंय कोण, अशी चौकशी केली. धाकटा कठड्यावरून वाकून म्हणाला, "मीच." दुसऱ्या दिवशी जिन्यात खोकल्याच्या औषधाची बाटली होती. त्याचीही नोंद झाली.

धाकटा आता दुकान चारलाच बंद करू लागला. साडेचारपासून वही मांडीवर घेऊन बसायचा. जेवताना त्याच्या तोंडी व्होल्ट, झोपताना व्होल्ट. बायको म्हणायची, माझ्याकडे इतकं लक्ष दिलं असतंत तर मीही उजेड पाडला असता.

एकदा ती वाळलेले कपडे काढत होती. झाडाचे पानही हलत नव्हते. धाकट्याने पाइपावर ठोकले. खालून, एक पॉइंट दोन.

"अहो, पातं तर जागचं हललं नाही."

"जडत्व असतं," धाकटा लिहिता लिहिता म्हणाला.

"कशाचं?"

"सगळ्याचंच."

तिला हे पटले नाही. तिने भावाला बोलावले. मेव्हणा वायरमन होता आणि एखादी गोष्ट हाती घेतली की सोडणाऱ्यातला नव्हता. रविवारी तो खिशात मावणारा नवाकोरा मीटर घेऊन आला. दाजींना भेट.

"हा वरच ठेवा, दाजी. त्या म्हाताऱ्या माणसाला कशाला रोज ओरडायला लावता?"

जुना मीटर भरवशाचा असतो, असे धाकट्याने सांगून पाहिले. मेव्हणा म्हणाला, मग दोन्ही ताडून बघू. धाकट्याने चहा पुढे केला, खुर्ची पुढे केली, धंदा कसा चाललाय विचारले. धंदा बरा चालला होता. पाचला दोन मिनिटे होती. मेव्हणा चहा खाली ठेवून उठला आणि कठड्यापासून वायर बोटाने चाचपत निघाला, टाकीमागून, विटेखालून.

"दाजी, ही वायर तर..."

"हळू बोल," धाकटा म्हणाला. "खाली ऐकू जातं."

त्याने पाइपावर ठोकले.

"तीन पॉइंट सहा," खालून आले. धाकटा शेऱ्यासाठी पेन उघडे धरून थांबला.

"उद्या खालीच ये चहाला," थोरला म्हणाला. "पावणेपाचला. जाताना आकडा घेऊन जा."

धाकट्याने व्होल्टच्या रकान्यात आकडा लिहिला. शेऱ्याला जागा पुरली नाही, म्हणून पान उलटले. मेव्हण्याच्या हातात वायरचे टोक मोकळेच होते. पहिल्या दिवशी वायर खाली सोडल्यावर ती वर मोटरला जोडायची म्हणून धाकटा पक्कड शोधत होता, तेवढ्यात खालून आकडा आला होता.