अठरा तास

१९८४ सालचा मे महिना. लुगांग या आमच्या गावातल्या एका अरुंद गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत, पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर म्हातारीला फळीवर निजवलं होतं. पहाटेच तिला इस्पितळातून आणलं. श्वास चालू असताना माणसानं आपला उंबरा ओलांडावा, ही आमच्याकडची रीत. घशातल्या नळीला लावलेला रबरी फुगा सून आजिन हातानं दाबत होती. तेवढाच काय तो श्वास. मुलं जमली की दाबणं थांबवा, असं डॉक्टर म्हणाले होते.

यायची राहिली होती फक्त लीश्वे, धाकटी लेक. न्यूयॉर्कहून, साडेबारा हजार किलोमीटर. तिनं फोनवर सांगितलं होतं, मंगळवारी सकाळी दहाचं विमान, अठरा तास लागतात. थोरल्या वेनबिननं बोटांवर मोजलं, म्हणजे बुधवारी पहाटे चार. त्या हिशोबानंच त्यानं आईला घरी आणलं.

विमानतळावर गेलेल्या मेहुण्याचा सकाळी फोन आला. विमान दुपारी चारला उतरणार. तिथं सकाळ असते तेव्हा इथं रात्र, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिथून गाडीनं घरी यायचं म्हणजे दिवस मावळणार. आणि घरी आणलेल्या माणसाला पुन्हा बाहेर नेत नाहीत.

वेनबिनची आत्या म्हणाली, आता तिचे हाल नकोत, सोडा. आपल्या रीतीनं शेवट न गाठलेली लेक गल्लीच्या तोंडापासून गुडघ्यांवर रांगत येते, तशी लीश्वे येईल.

वेनबिननं बायकोकडे पाहिलं. आजिन दाबतच राहिली.

"जन्मभर सासूशी पटलं नाही तुझं," आत्या म्हणाली, "आणि आता हात सोडवेना?"

"आळशी म्हणायच्या मला. आज तरी म्हणायला नकोत."

दुपारी तिनं कुणाला फुगा दिला नाही. भातही डाव्या हातानं खाल्ला. उन्हं उतरली तेव्हा तिनं सासूच्या गळ्यावर बोटं ठेवली. मग मनगटावर. मग पुन्हा गळ्यावर, बराच वेळ.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही आणि आत्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहा. लीश्वेला सांगा, आई आहे अजून, चालत ये."

ती दोघं गेली. आजिननं सासूच्या गार पडलेल्या हातांवर गोधडी ओढली, पार गळ्यापर्यंत, आणि फुगा दाबू लागली.

लीश्वे चालत घरात आली. आईच्या छातीची हालचाल तिनं पाहिली, कानाशी वाकून बोलली, रडली. मग वेनबिननं मान हलवली आणि आजिननं हात काढून घेतला.

आत्या पुढच्याच वर्षी गेली. वेनबिन जाऊनही आता बरीच वर्षं झाली. लीश्वे तिकडंच म्हातारी झाली. आईच्या श्राद्धाला दरवर्षी तिचा फोन येतो, आणि दरवर्षी ती तेच म्हणते.

"वहिनी, इतक्या लांबून आले, पण आई थांबली माझ्यासाठी."

"थांबल्या होत्या," आजिन म्हणते, आणि तिकडची थंडी कशी आहे ते विचारते.