गॅलरीतल्या नापास डिस्क

हार्ड डिस्कनं कटकट असा आवाज केला, पुन्हा एकदा केला आणि मान टाकली. घरातले इतक्या वर्षांचे फोटो तिच्यात होते. बायको ओट्यापाशी होती, ती तशीच ओल्या हातांनी बाहेर धावली.

"अहो, आईचा तो फोटो होता ना त्यात!"

नवरोबा मात्र खुर्चीत मागे रेलले. चेहऱ्यावर असं समाधान, जसे काही या दिवसाचीच वाट बघत बसले होते. "घाबरतेस काय? बॅकअप आहे," ते म्हणाले. "माझी स्क्रिप्ट आहे."

स्क्रिप्ट म्हणजे नवरोबांनी स्वतःच्या हातांनी लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम. दर रविवारी तो कॅटलॉगमधले फोटो उचलायचा, सीडीसारख्या गोल डिस्कवर लिहायचा, लिहिलेलं तपासायचा आणि शेवटी पडद्यावर 'सर्व ठीक' असं जाहीर करायचा. तोवर घरात पंखा लावायची सोय नव्हती, धूळ उडते म्हणे. डिस्कला हात लावायचा तर पांढरे हातमोजे घालून. कपाटातला कोरडा, अंधारा कप्पा डिस्कना आणि तिचे स्वेटर पलंगाखाली. पोरांचे झाले नसतील एवढे लाड त्या डिस्कचे!

तिला मात्र एकच फोटो हवा होता. आई जाऊन अजून महिनाही झाला नव्हता. शेवटची राहायला आली तेव्हा नवरोबांनी तिला गच्चीवर खुर्चीत बसवून तिचे फोटो काढले होते. नवा कॅमेरा, त्यात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी; लेन्सला काय दिसतंय ते खिडकीतून कळायचं नाही. खरे दर्दी असाच वापरतात म्हणे. ऊन कुठून घ्यावं, मान किती वळवावी, यावर अर्धा तास व्याख्यान चाललं होतं. खाली स्वयंपाकघरात तिला अचानक आईचं हसू ऐकू आलं. वडील गेल्यापासून आई अशी हसलीच नव्हती. ती हात पुसून वर जाईपर्यंत कॅमेरा पिशवीत गेला होता आणि नवरोबांचं तोंड एवढंसं झालं होतं.

त्यानंतर आई फोनवर दर वेळी म्हणायची, "जावईबापूंना तो फोटो दाखवायला सांग गं." आणि पुन्हा खुदकन हसायची. कारण विचारलं तर, "तूच बघ." नवरोबांना विचारलं की ते म्हणायचे, "हललाय तो. दाखवण्यासारखा नाही." बघू कधीतरी, बघू कधीतरी, असं करता करता आई गेली आणि बघायचं राहूनच गेलं.

नवरोबांनी हातमोजे चढवले. पहिली डिस्क घातली. सूर्यास्त. दुसरी घातली. सूर्यास्तच, पण झाडासकट. मग पक्षी, दवबिंदू, गंजलेलं कुलूप, पुन्हा सूर्यास्त. एकेक फोटो कसा सुरीनं कापल्यासारखा रेखीव!

"अहो, यात माणसं कुठायत?"

नवरोबांनी घसा खाकरला. "कॅटलॉगमध्ये मी प्रत्येक फोटोला स्टार देतो ना, तर स्क्रिप्ट चार आणि त्यावरचेच घेते. कचरा कशाला साठवायचा?"

"आणि आईच्या फोटोला किती दिलेत?"

"एक," ते पुटपुटले. "हललाय गं तो. तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर..."

"हसताना माणूस हलणारच!" ती ओरडली आणि तिथेच जमिनीवर बसून रडायला लागली. आईचं ते हसू आता जगात कुठेच उरलं नव्हतं.

गॅलरीत कबुतरं फडफडली. तिनं डोळे पुसत तिकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. कबुतरांना भिववायला तिनं तिथे दोऱ्यांनी डिस्क टांगल्या होत्या. स्क्रिप्टच्या पहिल्या चाचणीतल्या होत्या त्या, आई राहून गेल्यानंतरच्या. तेव्हा स्टारचा नियम अजून लिहायचा होता, त्यामुळे स्क्रिप्टनं दिसेल ते सगळं उचललं होतं. पण शेवटची तपासणी जुळेना, म्हणून नवरोबांनी प्रत्येकीवर पेनानं 'नापास' असं लिहून त्या केराच्या बादलीत टाकल्या होत्या. तिथून तिनं काढून घेतल्या. घरातल्या डिस्कपैकी काही कामाला आलेल्या तेवढ्याच.

तिनं कात्री आणली.

"अगं, बाहेरच्या त्या! ड्राइव्ह खराब होईल माझा. कबुतरांची घाण आहे त्यावर!"

ती कसली ऐकते! नळाखाली धरून, साबण लावून, फडक्यानं खसाखसा पुसून तिनं पहिली आत घातली. ती उघडली नाही. दुसरी अर्ध्यातच अडकली. तिसरी खूप वेळ घरघरली आणि उघडली. तोंडं माखलेली पोरं, डोळे मिटलेला दीर, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. एक फोटो धड नव्हता आणि एकावरूनही तिला नजर काढवत नव्हती.

मग गच्चीवरच्या दुपारची तारीख आली. पहिला फोटो मिट्ट काळा. दुसराही तसाच. मग तसल्याच काळ्याकुट्ट फोटोंची लांबच लांब रांग.

"हे काय हो? डिस्क बिघडली का?"

"चहा टाकू का मी?" नवरोबा एकदम उठले. लग्नानंतर आजवर त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

रांगेच्या शेवटी तो फोटो आला. तो जराही हललेला नव्हता. सुरकुतीन् सुरकुती स्वच्छ दिसत होती. आई एका हातानं पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो हसत होती, आणि दुसऱ्या हातात तिनं अगदी कॅमेऱ्यासमोर उंच धरलं होतं, नुकतंच काढून घेतलेलं, जावईबापूंच्या लेन्सचं टोपण.